आहारक्षमतेची वाढ (स्थूलता-शस्त्रक्रियेनंतरची)

वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झाल्यावर सुरुवातीला दोन-चार चमच्यांत पोट भरते. पुढे काही महिन्यांत एका वेळी खाता येणारे अन्न हळूहळू वाढत जाते. प्रस्तुत नोंद या वाढीविषयी आणि तिच्यापायी वाटणाऱ्या धास्तीविषयी आहे. बहुतेकांच्या बाबतीत ही वाढ शस्त्रक्रियेत आधीच गृहीत धरलेली असते. तरीही सहा महिने उलटले की तपासणीला आलेला रुग्ण हमखास म्हणतो, ‘डॉक्टर, आता जास्त जातंय.’ त्या वाक्यामागे जठर ताणले गेले, पैसे आणि कष्ट पाण्यात गेले, वजन परत येणार, अशी भीती असते.

मोठ्या माणसाचे जठर भरपेट जेवणानंतर साधारण एक ते दीड लिटरपर्यंत फुगते. हे फुगणे मुख्यतः त्याच्या वरच्या, डाव्या घुमटाकार भागात होते. घास गिळताच हा भाग मज्जातंतूंच्या इशाऱ्याने सैल पडतो आणि अन्नाला जागा करून देतो. जगभर सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत नेमका हा घुमट आणि जठराची बाहेरची मोठी कड मिळून ७५ ते ८० टक्के जठर कायमचे काढून टाकतात. आत बहुधा ३६ फ्रेंच मापाची, म्हणजे सुमारे १२ मिमी जाडीची नळी ठेवून तिच्या कडेने टाचण्या मारत जातात. मागे केळ्याच्या आकाराची, शंभर ते दीडशे मिलीची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठर काढत नाहीत. त्याच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलीची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

शस्त्रक्रियेनंतर लगेच जाणवणारी क्षमता ही त्या नळीची खरी क्षमता नसते. कापलेल्या आणि टाचलेल्या भिंतींना सूज असते, आतली वाट त्यामुळे आणखी अरुंद झालेली असते. म्हणून पहिल्या दिवसांत पाणीसुद्धा औषधाच्या टोपणाने, दर पंधरा मिनिटांनी ३० मिली असे द्यावे लागते. दीड-दोन महिन्यांत सूज ओसरते, टाके भरून येतात, भिंतीला थोडी लवचिकता येते. तिसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी मुगाचे कढण संपवायला वीस मिनिटे लागलेली व्यक्ती आठव्या महिन्यात चतकोर भाकरी, पिठले आणि थोडी भाजी आरामात खाते. वर्षाअखेरीस एक ते दीड कप अन्न जाणे सर्वसाधारण मानले जाते. ही वाढ धरूनही जेवण पूर्वीच्या ताटाच्या मानाने लहानच राहते. पण रुग्ण पूर्वीच्या ताटाशी तुलना करत नाही, तिसऱ्या आठवड्यातल्या अर्ध्या वाटीशी करतो, आणि तिथेच त्याचा हिशेब चुकतो.

ही वाढ मोजलेलीही आहे. रुग्णाला वायू तयार करणारी पूड किंवा द्रव पाजून जठर फुगवायचे आणि स्कॅनवर त्याचे घनफळ काढायचे, अशी ही पद्धत. चिलीतील शल्यचिकित्सकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात स्लीव्हचे सरासरी घनफळ सुरुवातीला सुमारे १०८ मिली होते. दोन वर्षांहून अधिक काळाने ते सुमारे २५० मिली भरले. म्हणजे नळी दुपटीहून मोठी झाली, आणि तरीही त्या रुग्णांचे उतरलेले वजन टिकून होते. घाबरलेल्या रुग्णाला सांगण्याजोगी याहून चांगली गोष्ट क्वचितच सापडेल.

पिशवी ताणली जाण्याची चिंता रुग्णांच्या आधी शल्यचिकित्सकांना होती. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये जठराच्या बायपासला सुरुवात केली, तेव्हा वरचा कप्पा आजच्यापेक्षा बराच मोठा ठेवत. मोठी पिशवी अधिक ताणली जाते हे ध्यानात येताच ती लहान होत गेली. १९८० मध्ये मेसन यांनी एक पाऊल पुढे टाकले. जठराच्या आतल्या, जाड भिंतीच्या आणि कमी ताणल्या जाणाऱ्या कडेला ३० मिलीहून कमी क्षमतेचा उभा कप्पा करायचा आणि त्याच्या तोंडाशी पाच सेंटिमीटर परिघाची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी बसवायची, म्हणजे वाट कधी रुंदावणारच नाही, असा त्यांचा बेत होता. कागदावर हा बिनतोड उपाय होता.

प्रत्यक्षात काय झाले ते १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात दिसते. त्यातील शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांवर मेसन यांची पट्टीची पद्धत वापरली होती. पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांचे वजन सरासरी २५ टक्के उतरले, दहा वर्षांनी मात्र घट १६ टक्क्यांवर आली. बायपास झालेल्यांत ती ३२ टक्क्यांवरून २५ वर आली. काहींच्या टाचण्यांची ओळ उकलली हे एक कारण होते. पण दुसरे कारण अधिक बोलके आहे. पोळी, मांस, कच्च्या भाज्या त्या घट्ट पट्टीपाशी अडकत, उलटी होई, म्हणून लोक आइस्क्रीम, चॉकलेट, गोड पेये यांकडे वळले. पट्टी शाबूत असतानाही त्यांचे वजन वाढले. म्हणून केवळ मिलीलिटरवर नजर ठेवणारा सल्ला अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बायपास आणि स्लीव्ह यांत आकाराखेरीज आणखी काही घडते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी शोधले. ते मुख्यतः जठराच्या घुमटाकार भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवतात. पहिल्या वर्षी भुकेची आठवणच होत नाही असे सांगणारे अनेक रुग्ण असतात. पुढे भूक परततेच, फक्त ती बरीचशी आवरता येण्याजोगी असते. वर्षभराने पहिल्यांदा लागलेल्या भुकेचा अर्थही पुष्कळजण ‘जठर वाढले’ असाच लावतात.

थोडी क्षमता वाढणे पोषणासाठी गरजेचेही आहे, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असा सर्वसाधारण दंडक आहे. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सुमारे सहा. शाकाहारी माणसाचे पोट अर्ध्या वाटीतच भरत राहिले, तर त्याला जन्मभर प्रथिनांच्या पुडीवर राहावे लागेल. जेवण वाढले तरच उसळ, पनीर, दही, मासळी यांतून ही गरज भागू लागते. लोह, कॅल्शियम, ब१२ यांच्या गोळ्या मात्र जेवण वाढले तरी सुटत नाहीत.

खरी पाचर बसते ती पोट न भरता घसरून जाणाऱ्या पदार्थांनी. मराठी घरात त्यांची रेलचेल आहे. पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, चहात बुडवलेली बिस्किटे किंवा खारी, सरबत, श्रीखंड हे सगळे चावताक्षणी विरघळते किंवा मुळातच पातळ असते, म्हणून नळीत थांबत नाही. तासाभरात मोठी डिशभर चिवडा संपवणाऱ्यालाच रात्री अर्धी भाकरी जड जाते. उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे. पाणी पूर्वीसारखे घटाघटा जाऊ लागले म्हणूनही काहीजण हादरतात. पण पातळ पदार्थ जठरात साठत नाहीत, त्यामुळे त्यावरून क्षमतेचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. अंदाज घ्यायचाच असेल तर तो घट्ट, प्रथिनयुक्त घासांवरून, सावकाश जेवताना आणि सोबत पाणी न पिता घ्यावा.

चार-पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहून पिशवी ‘पुन्हा लहान’ करण्याचा एक उपाय रुग्णांमध्ये प्रचलित आहे. त्याने शस्त्रक्रियेनंतरचे जठर मूळ मापावर परत येते असे दाखवणारा पुरावा नाही. चार दिवस गोड आणि चटपटीत सुटल्याने हुरूप येतो, त्यापलीकडे त्याचे श्रेय फारसे नाही. उलट, भीतीपोटी जेवण मुद्दाम तोडणारे, घास मोजत बसणारे किंवा बोटे घालून उलटी करणारे रुग्ण अधिक धोक्यात असतात. वारंवार उलट्या होत राहिल्या तर ब१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तपासणी खरोखर लागते ती वेगळ्या परिस्थितीत. घट्ट अन्नही एकाएकी पुष्कळ जाऊ लागले, जेवणानंतर तासाभरात पुन्हा कडकडून भूक लागते आणि वजन महिनोन्‌महिने चढत आहे, या गोष्टी एकत्र दिसल्या तर शल्यचिकित्सक बेरियम पाजून क्ष-किरण तपासणी किंवा एंडोस्कोपी करतात. स्लीव्हमध्ये घुमटाचा काही भाग मागे राहिलेला असू शकतो. बायपासमध्ये पिशवी आणि आतड्याचा जोड दोन सेंटिमीटरहून रुंद झालेला आढळतो, किंवा पिशवी आणि मागे ठेवलेले जठर यांच्यात आडमार्ग निर्माण झालेला असतो. त्याच्यासोबत पोटदुखी आणि व्रणही असू शकतो. सर्वांत कमी वजनाची नोंद बहुधा बाराव्या ते चोविसाव्या महिन्यादरम्यान होते. त्यानंतर दोन-चार किलो परत येणे सामान्य आहे आणि तेवढ्यावरून जठर फाकले असा निष्कर्ष निघत नाही. क्षमता वाढण्याऐवजी कमी होत गेली, पाणीही अडू लागले, तर मात्र दिरंगाई करू नये. नळी मध्येच आवळली गेल्याचे ते लक्षण असू शकते.

दोष सापडलाच तर पहिला उपचार आहारतज्ज्ञाकडे असतो. रुंदावलेला जोड एंडोस्कोपीतून टाके घालून किंवा आर्गॉन वायूच्या साहाय्याने डाग देऊन आवळता येतो. जीएलपी-१च्या धर्तीवरील सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शने भूक कमी करतात आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परत येणाऱ्यांनाही दिली जातात. २०२५ पासून ती स्थूलतेसाठी भारतातही मिळू लागली आहेत. स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करता येते. आम्लपित्त घशाशी येण्याचा त्रास असलेल्यांना त्याचा दुहेरी लाभ होतो. मात्र आधी कापलेल्या जागी पुन्हा कापायचे असल्याने गळती आणि रक्तस्रावाचा धोका पहिल्या खेपेपेक्षा अधिक असतो, म्हणून निव्वळ ‘जास्त जातंय’ या तक्रारीवर दुसरी शस्त्रक्रिया करत नाहीत.