जुनं डिझेल इंजिन सुरूच होत नाही? मिस्त्रीला बोलावण्याआधी या क्रमाने तपासा

गव्हाला पाणी द्यायची पाळी आली आहे. वीज रात्रीची आहे, कॅनॉलचं पाणी अजून शेवटच्या वावरापर्यंत पोचलेलं नाही. मग नदीकाठी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं जुनं डिझेल इंजिन आठवतं. टाकीत डिझेल ओततो, हँडल घालतो, मारतो. दहा वेळा, वीस वेळा. खांदे भरून येतात, पण इंजिन धूरही टाकत नाही.

इथे बरेच जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर पाने घेऊन पंप आणि नोझल खोलून बसतात, नाही तर हवा ओढायच्या तोंडाशी पेट्रोलचं फडकं धरतात. पहिल्या चुकीने साधा बिघाड मोठा होतो, दुसरीने हात मोडू शकतो. खरं तर हे इंजिन साधं आहे. त्याला तीनच गोष्टी लागतात: डिझेल, हवा आणि दाब. क्रमाने तपासत गेलं की यातलं काय कमी पडतंय ते कळतं.

ही माहिती कोणत्या इंजिनाची?

वर्धा, वणा, धाम, यशोदा या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठी ओलितासाठी वापरतात ते एका सिलेंडरचं, पाण्याने थंड होणारं, हँडलने सुरू होणारं इंजिन. यात दोन जाती दिसतात. एक मोठ्या जड चाकांचं, मिनिटाला ६५० च्या आसपास फेरे घेणारं ‘लिस्टर’ बनावटीचं. मूळ घडण इंग्लंडची, पण आपल्याकडची बरीच इंजिनं राजकोटच्या कारखान्यांतली. दुसरी जात १५०० फेऱ्यांची. किर्लोस्करचं ५ एचपी एव्ही-१ हे त्यातलं ओळखीचं. अशीच इंजिनं लहान बोटींवरही बसवतात, त्यामुळे पंपाचं असो की बोटीचं, तपासणी तीच. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीच्या इंजिनाबद्दल शेवटी वेगळं दिलं आहे.

आधी समजून घ्या: हे पेटतं कसं?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन वर जाताना हवा दाबून तिची जागा जवळपास सोळाव्या-सतराव्या हिश्श्याएवढी करतो. इतकी दाबली की हवा ५०० अंशांच्या वर तापते. त्याच क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं आणि तो आपोआप पेटतो. म्हणून फवारा बरोबर नसेल तर पेटणार नाही, आणि दाब गळत असेल तर हवा तापणार नाही, मग डिझेल कितीही ओता.

१. चाक हाताने फिरवा

हँडल घालण्याआधी हेडवरची डिकम्पची खिट्टी वर करा आणि चाक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. मोकळं फिरलं तर पुढे जा.

मध्येच घट्ट अडलं तर जोर लावू नका. पुरात बुडालेल्या किंवा पावसाळाभर सायलेन्सर उघडा राहिलेल्या इंजिनात सिलेंडरमध्ये पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलची काडीही बाहेर काढून पाहा. ऑइल दुधाळ, पांढरट दिसलं म्हणजे त्यात पाणी गेलं आहे. लेव्हल आपोआप वाढली असेल तर पाणी किंवा डिझेल खाली उतरलं आहे. अशा इंजिनाला त्या दिवशी हँडल मारू नका. इथे मिस्त्रीच हवा.

२. बंद करायचा दांडा कुठे आहे?

ऐकायला साधं वाटतं, पण गेल्या हंगामात ज्याने इंजिन बंद केलं त्याने स्टॉपचा दांडा ओढून तसाच ठेवला, असं हमखास होतं. तो चालू बाजूला आहे का पाहा. मग डिझेल पंपाच्या बाजूची छोटी रॅक बोटाने मागे-पुढे हलवून बघा. महिनोन्‌महिने बंद राहिलं की जुनं डिझेल चिकट होऊन रॅक जाम होते. तिच्यावर थोडं स्वच्छ डिझेल सोडा आणि हळूहळू हलवत मोकळी करा. हातोडी लावू नका.

३. डिझेल येतंय का, आणि ते डिझेलच आहे का?

टाकीचा कॉक उघडा आहे ना? टाकीच्या झाकणाचं बारीक भोक चोंदलेलं नाही ना? ते बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली येत नाही. इंजिन सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर हे भोक आधी पाहा.

आता फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर ते तळाला वेगळं बसतं, मधली रेघ डोळ्यांनी दिसते. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर पडून राहिली की आतून घाम धरते आणि तेच पाणी तळाशी साचतं. पाणी किंवा गाळ दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. फिल्टर काळा पडला असेल तर बदला. नवं डिझेल ओतताना स्वच्छ सुती कापडातून गाळून ओता.

४. हवा काढा

डिझेल संपून इंजिन बंद पडलं, टाकी धुतली किंवा फिल्टर बदलला की पाइपात हवा धरते. पंप मग डिझेल ढकलायच्या ऐवजी नुसती हवा दाबत बसतो. ती काढायचा क्रम टाकीपासून नोझलकडे:

• फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा. बुडबुडे संपून सलग धार लागली की आवळा.
• डिझेल पंपावरच्या स्क्रूचंही तसंच करा.
• नोझलच्या टोकाचा हायप्रेशर पाइपचा नट अर्धा-एक फेरा सैल करा. डिकम्प वर ठेवून हँडल सावकाश फिरवा. बुडबुड्यांशिवाय डिझेल धक्क्याधक्क्याने बाहेर आलं की नट आवळा.

नट आवळल्यावर डिकम्प वर ठेवूनच पुन्हा फिरवा आणि कान नोझलकडे ठेवा. दर दोन फेऱ्यांना एकदा ‘कर्र’ असा करकरीत आवाज आला तर फवारा पडतो आहे. आवाज नाही, तर पंप दाब धरत नाही किंवा नोझल अडकलं आहे. अशा वेळी नोझल काढून तालुक्याच्या गावी टेस्टिंग मशीन असलेल्या दुकानात न्या.

एक लक्षात ठेवा. हा फवारा शंभराहून जास्त किलोच्या दाबाचा असतो. नोझल बाहेर काढून फवारा बघताना त्याच्यासमोर हात किंवा डोळा आणू नका. डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आतून हात सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘प्रेशरने डिझेल आत गेलं’ हे स्पष्ट सांगा.

५. हवेची वाट मोकळी आहे का?

एअर फिल्टर उघडून पाहा. बंद इंजिनात कुंभारमाशी मातीचं घर करते, उंदीर कापूस आणि चिंध्या भरतात. सायलेन्सरच्या तोंडातही हेच होतं. ऑइलचा एअर फिल्टर असेल तर जुनं ऑइल टाकून खुणेपर्यंत नवं भरा, जास्त नको.

६. दाब आहे का?

डिकम्प खाली करा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. एका जागी ते घट्ट अडलं पाहिजे आणि सोडल्यावर थोडं मागे उसळलं पाहिजे. सहज पुढे निघून गेलं तर दाब गळतो आहे. कुठून, ते कानाने कळतं:

• सायलेन्सरमधून ‘सुस्स’ आवाज: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही.
• एअर फिल्टरकडून आवाज: हवेचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.
• ऑइल भरायच्या तोंडातून आवाज: रिंगा किंवा लायनर झिजले.
• हेडच्या कडेने बुडबुडे किंवा ओल: गॅस्केट गेलं.

व्हॉल्व्ह खोलण्याआधी टॅपेटची फट पाहा. फट मुळीच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. ती इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, इंजिन थंड असताना लावून घ्या.

रिंगांची शंका असेल तर हवेच्या तोंडातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडा आणि डिकम्प वर ठेवून पाच-सहा फेरे फिरवा. त्यानंतर दाब वाढलेला जाणवला तर दोष रिंगा-लायनरचा. फरक पडला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. एका चमच्याहून जास्त ऑइल ओतू नका, तेही पाण्यासारखंच अडकतं.

धूर काय सांगतो?

हँडल मारताना धूर मुळीच नाही: डिझेल आत जात नाही, मुद्दे २ ते ४ पुन्हा करा. पांढरा धूर: डिझेल जातंय पण पेटत नाही, इंजिन थंड आहे, दाब कमी आहे किंवा डिझेलमध्ये पाणी आहे. सुरू झाल्यावर काळा धूर: हवा कमी पडते किंवा लोड जास्त आहे. निळा धूर: ऑइल जळतंय.

आता हँडल मारा, पण असं

थंडीच्या सकाळी जॅकेटमध्ये कोमट पाणी भरलं तर इंजिन लवकर धरतं. लोड ठेवू नका: पट्टा उतरवा, किंवा पंप थेट जोडलेला असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. डिकम्प वर करून चाकाला जोरदार गती द्या, मग डिकम्प खाली सोडा.

हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा वळवू नका. इंजिन उलटं फिरलं तर वळलेला अंगठा आणि मनगट जातं. हँडलच्या टोकाला आधीच थोडं ग्रीस लावा, म्हणजे इंजिन धरल्यावर ते सहज सुटतं. गमछा, पदर, ओढणी, सैल बाही चाकाजवळ नको. पोरांना लांब उभं करा.

पेट्रोलचं फडकं किंवा स्टार्टिंग स्प्रे वापरू नका. तो वेळेआधीच पेटतो आणि हँडल उलटं मारतो. रिंगा तुटतात ते वेगळंच.

विहिरीत इंजिन उतरवू नका

पंप प्रत्यक्षात सहा-सात मीटर खोलीवरूनच पाणी ओढू शकतो. उन्हाळ्यात पाणी त्याहून खाली गेलं की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि विहिरीत तो साचून राहतो. आत उतरलेला माणूस काही मिनिटांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. इंजिन बंद केल्यावरही विष लगेच निघून जात नाही. कोणी आत पडलं तर मागोमाग उतरू नका. ११२ आणि १०८ वर फोन करा, आणि तो शुद्धीवर असेल तर दोर टाका. बंद खोलीत इंजिन चालवणंही तेवढंच धोक्याचं.

बोटीचं पेट्रोल इंजिन असेल तर

मागे लटकवायच्या इंजिनाला ठिणगी लागते. म्हणून आधी हे चार पाहा: सुरक्षेची लाल दोरी स्विचवर बसली आहे का, गिअर न्यूट्रलवर आहे का, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडला आहे का, आणि पाइपवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का. मग प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पुसून वाळवा, चोक बंद करून पुन्हा ओढा. काही महिने पडून राहिलेलं पेट्रोल काढून नवं भरा. टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं प्रमाण कंपनीने सांगितलेलंच ठेवा. पाण्याबाहेर इंजिन चालवून पाहू नका, थंड करणाऱ्या पंपाचं रबर जळतं.

ही तपासणी काठावर, बोट दोराने बांधून करा. इंजिन सुरू झालं तरी वल्ही आणि लाइफ जॅकेट सोबत हवेतच. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातल्या झुंज इथे याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला, हे विसरू नका.

हंगाम संपताना एवढं करा

टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत घाम धरत नाही. काळं ऑइल बदला. चाक फिरवून जिथे दाब लागतो तिथे थांबवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओल आत जात नाही. सायलेन्सरवर डबा उपडा घाला. पंधरा दिवसांतून एकदा चाक चार फेरे फिरवून पुन्हा त्याच जागी आणा. एवढं केलं तर पुढच्या गव्हाच्या पाण्याला हँडल मारताना खांदे भरून येणार नाहीत.

ही माहिती फोनमध्ये जपून ठेवा, आणि ज्यांच्याकडे इंजिन आहे त्यांना पाठवा. विहिरीचा मुद्दा तर सगळ्यांनाच वाचून दाखवा.