भिंतीपासून छातीपर्यंत

पेसमेकर हे नाव आता तालुक्याच्या गावीही ऐकू येते. कोणाच्या आजोबांना बसवलेला असतो, कोणाच्या मावशीला. माणूस घरी येतो तो हात छातीशी धरून. खांदा हलवत नाही, कुशीवर वळताना कण्हतो, आणि घरचे विचारतात, "हे असे किती दिवस चालायचे?" या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो पाहू गेले तर दोरीच्या लांबीचा इतिहास आहे!

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचला नाही, की ठोके मंदावतात आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. 1952 साली बोस्टनच्या पॉल झोल या डॉक्टरांनी बाहेरून विजेचे झटके देऊन असे हृदय चालते ठेवले. जीव वाचे, पण दर झटक्याला छातीचे स्नायू आचके देत, कातडी भाजून निघे. शिवाय यंत्र चाले भिंतीतल्या विजेवर. म्हणजे तारेची लांबी तेवढेच रोग्याचे अंगण. खुंटीला बांधलेल्या वासराची गत, म्हणा ना!

ऑक्टोबर 1957 च्या अखेरीस अमेरिकेत मिनियापोलिस येथे वीज गेली. तिथे डॉ. लिलेहाय हे मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत, आणि त्यांची कित्येक मुले अशाच भिंतीतल्या विजेवर अवलंबून होती. त्यांनी अर्ल बॅकन या यंत्रज्ञाला गाठले. बॅकनने काय करावे? संगीत शिकणाऱ्यांना लय दाखवणारे मेट्रोनोम असते ना, त्याची विद्युत-जोडणी त्याने एका मासिकात पाहिली होती. तीच घेऊन त्याने बॅटरीवर चालणारी लहानशी डबी बनवली. ती अंगावर अडकवून मूल खोलीबाहेर पडू शकले. तारा मात्र अजून कातडीतूनच आत जात होत्या, आणि त्या वाटेने जंतूही.

यंत्रच शरीरात पुरले तर? 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये तेही झाले. आर्ने लार्सन हे त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ. दिवसाकाठी वीस-तीस वेळा शुद्ध हरपे. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी डॉ. सेनिंग आणि अभियंते एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. असे यंत्र तयार नाही म्हणता? मग तयार करा! एल्मक्विस्टनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतले. छाती उघडून तारा हृदयाला शिवल्या आणि यंत्र पोटाच्या कातडीखाली ठेवले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. पुढे वर्षानुवर्षे यंत्रे बदलत हे लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले.

आज बहुधा छाती उघडत नाहीत. गळपट्टीच्या हाडाखाली चीर देऊन शिरेतून तार हृदयात सोडतात आणि तिथेच कातडीखाली यंत्र बसवतात. तारेचे टोक आत पक्के रुजायला काही आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे याचा अर्थ स्वच्छ सांगायला हवा: विहिरीचे पाणी शेंदणे नाही, डोक्यावर हंडा वा गवताचा भारा नाही, बैलाचा कासरा ओढणे नाही. मास्तरांनी फळ्याच्या वरच्या ओळीत त्या हाताने लिहिणे नाही. डावखुरे असाल तर आधीच सांगा. यंत्र उजवीकडेही बसवता येते.

पण इथे एक उलटी चूक फार होते. तार सुटेल या भीतीने लोक हात गळ्यात बांधून महिनाभर ठेवतात, आणि खांदा असा आखडतो की तेच नवे दुखणे होऊन बसते. खांद्याच्या खाली हात हलता ठेवावा. जेवावे, अंगरखा घालावा, थोडे फिरावे. सुरुवातीचे दिवस जखम दुखते, काळेनिळे पडते, हे चालायचेच. मात्र सूज वाढली, पू आला, ताप भरला किंवा पुन्हा चक्कर आली, तर लेप लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

2016 साली अमेरिकेत तार नसलेल्या यंत्राला मान्यता मिळाली. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे हे यंत्र मांडीच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. सर्वांनाच ते चालते असे नाही. त्यात हाताला बंधन नाही. पण बसवल्यावर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते.