‘स्टीफन्स’ ह्या आडनांवाचा इतिहास

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें नांव आम्हां सर्वांस प्रिय आहे; परंतु त्यांच्या आडनांवाचा उगम थोड्यांसच ठाऊक असेल. तो आम्ही येथें सांगतों.

ग्रीक भाषेंत ‘स्तेफानोस’ म्हणजे मुकुट. आद्य रक्तसाक्षी संत स्तेफन ह्यांचें नांव तेंच. इंग्लंडांत पूर्वीं तें क्वचित् एखादा मठवासी धारण करी. 1066 सालच्या नॉर्मन विजयानंतर तें सर्वत्र पसरलें. 1135 पासून 1154 पर्यंत तर ह्याच नांवाचा राजा गादीवर होता. पुढें बापाचें नांव मुलांचें आडनांव झालें. दक्षिणेंत ‘स्टीफनचा’ ह्या अर्थानें ‘स्टीफन्स’ अथवा ‘स्टीव्हन्स’ म्हणूं लागले. उत्तरेंत ‘स्टीफनचा पुत्र’ म्हणून ‘स्टीव्हन्सन’ हें रूप रूढ झालें.

स्वदेशीं मिस्साबलिदानास कायद्यानें बंदी असतां, इंग्लंडचे हे सुपुत्र रोमेस जाऊन येशूसंघांत शिरले आणि 1579 सालीं गोव्यास आले. पोर्तुगीजांनीं त्यांस ‘एस्तेव्हांव’ म्हटलें. उच्चार पालटला, अर्थ तोच राहिला. 1619 सालीं त्यांचें गोव्यांतच देहावसान झालें. त्यापूर्वीं तीन वर्षें, 1616 सालीं, ख्रिस्तपुराण छापून निघालें होतें. रक्तसाक्ष्याचा मुकुट त्यांच्या वांट्यास आला नाहीं. पण मुकुटाचें नांव धारण करणाऱ्या ह्या परदेशस्थानें आमच्या मायबोलीच्या मस्तकीं मात्र एक मुकुट चढविला.