टू द लाइटहाउस

टू द लाइटहाउस : इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) यांची कादंबरी. ५ मे १९२७ रोजी होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केली. ही प्रकाशनसंस्था व्हर्जिनिया आणि त्यांचे पती लेनर्ड यांनीच १९१७ मध्ये काढली होती. मुखपृष्ठ थोरली बहीण, चित्रकार व्हनेसा बेल यांचे.

कथानक दोन-चार वाक्यांत सांगून होते. रॅम्झी कुटुंब उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या स्काय बेटावर राहायला आले आहे. सहा वर्षांच्या जेम्सला समोरच्या दीपगृहावर जायचे आहे. हवा चांगली असली तर उद्या जाऊ, असे आई म्हणते. ती चांगली नसणार, असे वडील ठणकावतात. दहा वर्षांनी ते तिकडे जातात, तेव्हा आई हयात नसते.

‘खिडकी’ या पहिल्या भागात घडते ते बहुतेक मनातच. मिसेस रॅम्झी दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी मोजा विणत आहेत. तो जेम्सच्या पायाला लावून बघतात, पोरगा चुळबुळ करतो. तेवढ्या अवकाशात झिजलेल्या खुर्च्या, सताड उघडी दारे, मरणपंथाला लागलेल्या वडिलांच्या आठवणीने डोळे भरून आलेली मोलकरीण असे सारे त्यांच्या मनातून सरकून जाते. मराठी समीक्षा याला संज्ञाप्रवाह म्हणते, बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये हे तंत्र मराठीत आणले. वुल्फ यांचे वैशिष्ट्य असे, की हा प्रवाह एका मनातून दुसऱ्या मनात केव्हा शिरला ते चटकन कळतही नाही.

‘काळ सरतो’ हा मधला भाग छोटा, पण कादंबरीचे खरे सामर्थ्य इथेच आहे. दहा वर्षे रिकाम्या पडलेल्या घरात ओल, धूळ आणि वारा शिरतो. मिसेस रॅम्झींचा मृत्यू चौकटी कंसातल्या एका वाक्यात येतो. एक मुलगी बाळंतपणात जाते, एक मुलगा महायुद्धात फ्रान्समध्ये मारला जातो; तेही कंसातच. जे कंसात मिटवले, ते आठवायला मग अख्खा तिसरा भाग लागतो. त्यात रॅम्झींकडे पाहुणी आलेली चित्रकार लिली ब्रिस्को आपले जुने, अर्धवट राहिलेले चित्र पुरे करते. बायकांना चित्रे काढता येत नाहीत, लिहिता येत नाही, हे एका पाहुण्याचे बोलणे दहा वर्षांनंतरही तिला टोचत असते.

बेट स्कॉटलंडचे असले तरी आठवणी कॉर्नवॉलच्या आहेत. सेंट आइव्हजमधील टॅलंड हाउस या घरात वुल्फ यांचे लहानपणचे उन्हाळे गेले. समोरच्या समुद्रात गॉड्रेव्हीचे दीपगृह दिसे. मिस्टर रॅम्झींमध्ये ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाचे संपादक असलेले त्यांचे वडील लेस्ली स्टीफन ओळखू येतात, तर मिसेस रॅम्झींमध्ये आई ज्युलिया. आई १८९५ मध्ये वारली, तेव्हा व्हर्जिनिया तेरा वर्षांच्या होत्या. पुढे कित्येक वर्षे आईचा आवाज त्यांना ऐकू येत राहिला. ही कादंबरी लिहून झाल्यावर तो ऐकू येणे थांबले, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.