जादा लष्करी बंदुका आणि नागरिक

जादा लष्करी बंदुका म्हणजे लष्कराने वापरातून काढलेल्या वा गरजेपेक्षा जास्त उरलेल्या बंदुका. अमेरिकेत ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’मार्फत दुसऱ्या महायुद्धातील एम१ गॅरंड रायफली पात्र नागरिकांना मिळतात. भारतातील ईशापूरच्या शस्त्र कारखान्यातील ७.६२ मिमीच्या ‘२ए१’ रायफलीही जादा माल म्हणून तिकडे विकल्या गेल्या.

भारतात हा मार्ग सामान्य खरेदीदाराला जवळपास बंदच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार .३०३, ७.६२ मिमी व ९ मिमी हे लष्करी बोअर निषिद्ध वर्गात मोडतात. म्हणून ईशापूरने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली. तिचा बोल्ट .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच घडणीचा, मात्र तिच्यात .३०३ चे काडतूस चालत नाही.

उदाहरणार्थ, पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवड, देहूरोड व चाकण परिसर लष्करी आस्थापनांच्या सान्निध्यात आहे. शेजारच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तरीही इथल्या नागरिकाला लष्करी बंदूक मिळत नाही. अनिषिद्ध बोअरच्या परवान्यासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. पोलीस पडताळणी होते. शस्त्र बाळगण्याची गरज पटवून द्यावी लागते.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान सात वर्षे कैद होते.