कुलाब्याच्या माश्या: झुंज, प्रणय आणि गंध

नाहूर स्थानकाबाहेर केळ्यांच्या गाडीवर एखादा घड अति पिकला की त्याभोवती लाल डोळ्यांच्या बारीक माश्या जमतात. ही फळमाशी, ड्रोसोफिला. लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. तिथे नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांवर आदळतात. मादी जवळ आली की तोच नर एक पंख थरथरवून तिला गाणे ऐकवतो.

कोणाशी झुंजावे आणि कोणाची मनधरणी करावी, हे त्या इवल्या मेंदूत ठरते कसे? या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे.

१९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. आरंभीचे काम जीवाणूंवर होते. पुढे कॅलिफोर्नियात सीमूर बेंझर यांच्यासमवेत ते फळमाशीकडे वळले. ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांवरील त्यांचा शोधनिबंध १९७६ चा. एका जनुकातील बिघाड चेतासंदेश थांबवू शकतो, हे त्यातून दिसले.

लवकरच वेरॉनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून संशोधनासाठी कुलाब्यात आल्या. जन्म नैरोबीचा, घराणे गोमंतकीय. या दोघांनी ज्यांना विशिष्ट वास कळत नाहीत अशा माश्या निवडून काढल्या. कामाची चिकाटी थक्क करणारी: हजारो माश्यांतून एखादी हाती लागे. एका गटातील गंध ओळखणारी माशी दुसऱ्या गटाबाबत मात्र बधिर, असेही आढळले. अर्थात गंधांचे मार्ग वेगळे होते आणि जनुकांच्या साहाय्याने ते एकेक करून उलगडता येत होते. त्यांचा निबंध १९७८ साली भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाला.

झुंजीचे रसायन मुंबईत सापडले, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. ते काम परदेशी प्रयोगशाळांचे. ऑक्टोपमाइन हे आपल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचे कीटकांतील भावंड. ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत प्रथम मिळाले म्हणून हे नाव. ते ज्यांच्यात तयार होत नाही असे नर झुंजायला फारसे धजावत नाहीत आणि दुसऱ्या नराचीच मनधरणी करू लागतात, असे २००७-०८ च्या सुमारास दिसून आले.

आणि गंध? नराच्या अंगी एक तेलकट द्रव्य असते, सिस-व्हॅक्सिनिल अ‍ॅसिटेट. समागमात ते मादीला लागते आणि पुढच्या नराचा उत्साह मावळतो. ते टिपणारा स्पर्शिकेतील ग्राही २००७ मध्ये निश्चित झाला. नरानरांतील झुंजही याच द्रव्याने भडकते, हे २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्या घ्राणमार्गांची जनुकीय चिरफाड करणाऱ्या पहिल्या काही प्रयोगशाळांत कुलाब्याची गणना होते, त्यांतलाच हा एक.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉड्रिग्ज यांचे निधन झाले.