तबकडीतली काशी

काशीस बदली झाली म्हणजे महाराष्ट्रातील आप्तेष्ट दोन वस्तूंची आठवण न चुकता करून देतात : गंगेचे गडू आणि विश्वेश्वराचा अंगारा. त्या यादीत नसलेली एक वस्तू मात्र आम्ही घरून उलट काशीकडे आणली. ती म्हणजे पणजोबांच्या ट्रंकेतील सात तबकड्या. त्यांतील चार बालगंधर्वांच्या, तीन पूर्वेकडच्या बायांच्या. आजी सांगे की, गंधर्वांच्या तबकड्या माजघरात सर्वांसमक्ष वाजत. बायांच्या मात्र ओसरीवर, आणि त्याही मुले निजल्यावर. तबकड्या एकाच लाखेच्या, फोनो एकच, सुईही तीच; पण सोवळे-ओवळे निराळे.

एका पावसाळी रविवारी या दोन्ही जातींच्या तबकड्या आम्ही येथे एकीमागून एक लावल्या. शब्द निराळे, भाषा निराळी. परंतु सूर ज्या लडिवाळपणे मुरडत होता ती मुरड एकाच घराची वाटली. तेव्हापासून आम्ही या नात्याचा माग काढीत आहोत.

माग फार दूर जावा लागत नाही. 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या चाली बांधताना गोविंदराव टेंबे यांनी पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्यांचे ढंग मराठी पदांत आणले. १९१९ च्या 'एकच प्याला'तील अनेक पदांच्या चाली तर पुण्याच्या सुंदराबाईंनी दिल्या. लावणी, गझल आणि ठुमरी या तिन्हींत त्यांचा गळा सारखाच फिरे. रामभाऊ गडकऱ्यांच्या सिंधूचे दुःख ऐकून ज्या सोज्ज्वळ गृहिणींनी पदर डोळ्यांना लावला, त्या अश्रूंत पूर्वेच्या बैठकीचा वाटा होता. त्यांना तो ठाऊक नव्हता, एवढेच.

आता तबकडीकडे वळू. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास एका विलायती कंपनीच्या माणसांनी गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गौहरचा जन्म १८७३ सालचा, आझमगडचा. कलकत्त्यास जाण्यापूर्वी आईसह तिचे बालपणीचे काही दिवस काशीतच गेले. प्रहरभर चालणारे गाणे तिने सुमारे तीन मिनिटांत बसवून दाखविले, आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारले. विलायतेत तबकडी घडविणाऱ्यांना गाणारीचे नाव कळावे, म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. हेतू काही असो, प्रतिष्ठित समाज जिचे नाव घेण्यास कचरत होता, तिने ते स्वतः घेऊन लाखेवर कोरून ठेवले. प्रतिष्ठित गवई कर्ण्यात गाण्यास बिचकत असता या बायांनी ते धाडस केले, म्हणून त्या काळाचा कंठ आज आपल्या कानी पडतो.

याच काळात आमची मराठी मंडळी निराळ्या उद्योगात गढली होती. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी परिषदा भरविल्या : १९१६ ची बडोद्यास, १९१८ ची दिल्लीस आणि १९१९ ची येथे काशीस. पुढे १९५० साली पलुसकरांचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. स्वरलिपी, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी या चार खांबांवर संगीताचे नवे देऊळ उभे राहिले. मध्यमवर्गाच्या मुलीबाळी निःशंक गाऊ लागल्या, हा या दोन विष्णूंचा उपकार आम्ही विसरणार नाही.

पण देवळाला दार असते, तसा उंबरठाही असतो. स्वातंत्र्याच्या सुमारास, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादास पात्र आहे अशा स्त्रियांना नभोवाणीवर गाऊ देऊ नये, असा दंडक निघाला. कित्येक 'बाई' मग 'देवी' झाल्या. आम्ही स्वतः सरकारी कारकून. अशा दंडकाचा मसुदा कसा होतो, हे आम्हांस ठाऊक आहे. कुणा आमच्यासारख्याच माणसाने तो सुवाच्य अक्षरात लिहिला असेल, खाली 'मान्यतेसाठी सादर' म्हटले असेल, आणि सायंकाळी घरी जाऊन कदाचित गंधर्वांची तबकडीही लावली असेल.

रसूलनबाई 'देवी' झाल्या नाहीत. १९०२ साली जन्मलेल्या या काशीच्या गायिकेची ठुमरी आणि टप्पा ही खास दौलत. १९५७ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. १९६९ च्या दंगलीत अहमदाबादेतील त्यांचे घर जळाले, आणि १९७४ साली त्यांचा अंत झाला. ज्या शहराने त्यांना सूर दिला, तेथे त्यांचे उतारवय गेले नाही. त्यांच्या आवाजाला ओलसर, थोडी खरखरीत धार आहे. शब्द एकच, पण दर फेरीला त्याचा अर्थ बदलतो. विनवणी, रुसवा, थट्टा आणि हताशपणा एकापाठोपाठ येऊन जातात. बोल बनविणे म्हणतात ते हेच. कोणत्याही स्वरलिपीत ते उतरत नाही; तबकडीत तेवढे उतरले आहे.

काशी-महाराष्ट्राची ही देवघेव एकाच बाजूची नाही, हेही सांगितले पाहिजे. बालाजीच्या मंदिरात रियाज करणाऱ्या बिस्मिल्लाखाँची सनई आणि आमच्या वि. गो. जोगांचे व्हायोलिन यांची जुगलबंदी दीर्घ तबकडीवर निघाली. ती आमच्या आवडीच्या पहिल्या दोनतीन तबकड्यांत मोडते. फुंकीचा श्वास कोठे संपला आणि गज कोठे लागला, हे दोनदा ऐकूनही उमगत नाही. १९५९ च्या 'गूँज उठी शहनाई'त खाँसाहेबांच्या सनईस संगीतकार लाभले ते वसंत देसाई. त्याआधी, १९५५ साली, शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'त याच वसंतरावांच्या संगीतात काशीच्या सामताप्रसादांचा तबला घुमला होता.

आणि मैफल? संकटमोचनाच्या अंगणात १९२३ पासून हनुमानजयंतीच्या सुमारास रात्र-रात्र गाणे चालते. तिकीट नाही, निमंत्रण नाही. फरशीवर जागा मिळेल तेथे बसावे. याही अंगणात कित्येक दशके स्त्रीचा स्वर नव्हता, आज आहे. गेल्या चैत्रात पहाटेच्या सुमारास एक तरुण गायिका भैरवी गात होती. शेजारी चहावाला किटली खाली ठेवून उभा राहिला होता. एका बोलावर ती थबकली, त्याच शब्दाला तिने चार बाजूंनी वळविले, आणि आम्हांस ओसरीवरच्या त्या तबकडीची मुरड ओळखू आली. गुरूंच्या यादीत कदाचित त्या बाईचे नाव नसेल. स्वरात मात्र होते.

घरी परतल्यावर आम्ही एक क्षुल्लक काम केले. सातही तबकड्या पुसून एकाच खोक्यात, एकमेकींना चिकटवून उभ्या ठेवल्या. शंभर वर्षांचे ऋण एवढ्याने फिटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुढील बदलीत जेव्हा सामान बांधले जाईल, तेव्हा निदान आमच्या घरापुरती त्यांची ओसरी आणि माजघर ही वाटणी संपलेली असेल.